चारित्र्य कोण मोजतो?

१

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो. नाव, जात व पोटजात, जन्मतारीख हे सगळे लिहून झाले की खाली तो येतो. रकान्याचे नाव ‘वर्तणूक’. हेडमास्तर तेथे बहुधा एकच शब्द लिहितात : ‘चांगली’. शिक्का पडतो, सही होते आणि पोराच्या दहा वर्षांच्या चारित्र्याचे माप एका शब्दात उरकते. पुढे नोकरीची वेळ आली म्हणजे पोलीस ठाण्यातून चारित्र्य पडताळणी होते. तेथे एवढेच पाहतात की याच्या नावावर काही गुन्हा आहे काय. या दोन्ही ठिकाणी ज्याचे चारित्र्य मोजायचे त्याला कोणी काही विचारीत नाही.

चारित्र्य मोजण्याची दुसरीही एक रीत आहे. तिच्यात माणसाच्या हाती छापील प्रश्नावली देतात आणि त्यालाच विचारतात. तू कधी खोटे बोललास काय? दुसऱ्याची वस्तू घेतलीस काय? राग आला म्हणजे हात उचलतोस काय? होय किंवा नाही यांपैकी एकावर खूण करायची. खुणांची बेरीज होते आणि प्रामाणिकपणाचा आकडा निघतो. मानसशास्त्राच्या खात्यांत, सैन्याच्या भरतीत, मोठ्या कंपन्यांच्या नोकरभरतीत ही रीत आता रुळली आहे. अमेरिकेत १९८८ साली कायद्याने खाजगी नोकरीतील बहुतेक ठिकाणी खोटे पकडण्याच्या यंत्राला बंदी झाली, तेव्हा कागदावरच्या अशा ‘प्रामाणिकपणाच्या चाचण्यां’ना अधिकच भाव आला.

वरवर पाहता ही दुसरी रीत आपल्याला न्यायाची वाटते. निदान ज्याचे त्याला विचारले जाते. हजारो वर्षे ज्यांच्याबद्दल दुसऱ्यांनीच लिहिले, त्यांना पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलायची मुभा मिळते. म्हणून या रीतीला सरसकट झिडकारणे मला योग्य वाटत नाही. पण चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या दोन जिल्ह्यांत चारित्र्य मोजण्याचा इतिहास काय आहे, तो आधी डोळ्यांखालून घातला पाहिजे. त्या इतिहासाशिवाय ही प्रश्नावली येथे आणली तर जुन्याच रकान्याला नवा कागद लावल्यासारखे होईल.

२

चारित्र्य मोजता येते ही कल्पना शास्त्र म्हणून मांडली ती इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनने. १८८४ साली त्याने ‘चारित्र्याचे मापन’ या नावाचा लेख लिहिला. माणसाचे चारित्र्य ही निश्चित आणि टिकाऊ अशी काही वस्तू आहे, म्हणून ती मोजता येईल, असे त्याचे म्हणणे. जेवणाच्या टेबलाशी बसलेली माणसे एकमेकांकडे किती झुकतात हे खुर्चीच्या पायांखाली दाबमापक बसवून मोजावे, अशीही एक सूचना त्याने केली होती. त्यात गंमत आहे. पण हाच गाल्टन बुद्धी वंशातून उतरते असे १८६९ पासून सांगत होता आणि उत्तम वंशाची पैदास करण्याच्या शास्त्राला १८८३ मध्ये त्यानेच नाव दिले होते, हे लक्षात घेतले म्हणजे गंमत ओसरते. चारित्र्य टिकाऊ वस्तू असेल आणि गुण वंशातून येत असतील, तर एका माणसाला मोजायचीही गरज उरत नाही. त्याची जमात मोजली की काम भागते.

आपल्या देशात सरकारने ते काम गाल्टनच्या लेखाची वाट न पाहताच सुरू केले होते. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. तो प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ च्या कायद्याने सर्व ब्रिटिश हिंदुस्थानभर पसरवता आला. जमातीचे नाव यादीत गेले की तिच्यात जन्मलेले मूल पाळण्यातच संशयित ठरे. हजेरी, पास, वसाहतीचे तारेचे कुंपण हे त्याचे चारित्र्याचे दाखले. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, तो कायदा रद्द झाला. पण सराईत गुन्हेगारांच्या नव्या कायद्यांनी त्याची सावली मागे ठेवली. त्या सावलीत वाढलेल्यांनी पुढे स्वतःच लेखणी उचलली. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये आले, तेव्हा या माणसांच्या चारित्र्याबद्दलची त्यांची स्वतःची साक्ष मराठी वाचकाने पहिल्यांदा ऐकली.

१८७२ साली पुराव्याचा कायदा आला. मसुदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांचा. या कायद्यात चारित्र्याविषयी जी कलमे होती ती एकमेकांशेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. फौजदारी खटल्यात आरोपीचे चांगले चारित्र्य पुराव्यात येऊ शकते, असे एक कलम म्हणते. आरोपीचे वाईट चारित्र्य, त्याने स्वतः चांगुलपणाचा पुरावा दिल्याखेरीज, पुराव्यात येऊ शकत नाही, असे पुढचे कलम म्हणते. यामागचे तत्त्व शहाणपणाचे आहे. माणूस पूर्वी कसा होता यावरून त्याने हाच गुन्हा केला असे ठरवू नये. परंतु कलम १५५ च्या चौथ्या पोटकलमात हे शहाणपण उलटे झाले. बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी बाई सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची आहे असे दाखवून तिच्या साक्षीवरचा विश्वास उडवण्याची मुभा आरोपीला होती. म्हणजे आरोपीचे चारित्र्य झाकलेले आणि फिर्यादी बाईचे उघडे. हे पोटकलम १३० वर्षे जिवंत राहिले.

३

चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. या प्रांताच्या जातीजमातींचे मोठे दप्तर म्हणजे आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा १९१६ साली लंडनहून निघालेला चार खंडांचा ग्रंथ. गोंड, कोलाम, महार, मांग, ढीमर या सर्वांची टिपणे त्यात आहेत. मेहनत मोठी आहे आणि आजचा अभ्यासकही त्याच्याकडे वळतो. पण या ग्रंथाची घडण पाहावी. जातीची उत्पत्ती, लग्नाचे नियम, देव, धंदा यांच्या रांगेतच स्वभावाचे वर्णनही बसवलेले आहे. काही जातींच्या नावाखाली गुन्ह्याच्या रीतींना स्वतंत्र जागा आहे. एका साहेबाने काही वर्षे पाहिलेले, दुसऱ्या साहेबाच्या जुन्या अहवालातून घेतलेले, तालुक्याच्या कारकुनाकडून ऐकलेले असे सगळे एकत्र होऊन लाखो माणसांचा ‘स्वभाव’ तयार झाला. शाळेच्या दाखल्यावरचा ‘वर्तणूक’चा रकाना निदान एका पोराचा असतो. येथे एक रकाना अख्ख्या जमातीला पुरला.

याच समाजात आणखी एक गोष्ट घडत होती आणि ती या सर्व मापनाला खोटे पाडणारी होती. गावशिवाराचा तंटा उभा राहिला म्हणजे साक्ष महाराची. कोणाचा बांध कुठे, शीव कुठून जाते, हे तो सांगेल ते खरे. सरकारी सारा तालुक्याला पोचवायचा तोही त्याच्याच डोक्यावरून. ज्याची सावली चालत नव्हती त्याच्या शब्दावर जमिनी ठरत होत्या आणि त्याच्या हाती खजिना जात होता. गावाला त्याचा प्रामाणिकपणा ठाऊक होता; गावाने तो राबवून घेतला. पण सन्मानाचा रकाना आला की तेथे मात्र त्याची जात लिहिली. याचा अर्थ स्पष्ट आहे. व्यवस्थेला माणसाच्या चारित्र्याचे ज्ञान नव्हते असे नाही. ज्ञान होते, पण ज्याच्याकडून काम घ्यायचे त्याचे चारित्र्य मान्य करणे तिला परवडत नव्हते.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब चंद्रपूरला आले. नागपूरनंतर दोनच दिवसांनी येथे धम्मदीक्षा झाली. बावीस प्रतिज्ञांमध्ये चोरी, खोटे, व्यभिचार, दारू यांपासून दूर राहण्याच्या प्रतिज्ञा आहेत. चारित्र्याच्या इतिहासात त्या दिवसाचे महत्त्व मला असे वाटते : तेथे जमलेल्या लोकांनी आपल्या चारित्र्याविषयी स्वतःच्या तोंडाने, मोकळ्या मैदानात, एकमेकांसमक्ष विधान केले. ते विधान ‘मी कसा आहे’ याचे नव्हते, ‘मी कसा वागेन’ याचे होते. त्याला गुण द्यायला समोर कोणी साहेब बसलेला नव्हता. प्रतिज्ञा आणि प्रश्नावली यांत हा फरक आहे. प्रश्नावलीत माणूस मोजला जातो आणि मोजणारा वेगळा असतो. प्रतिज्ञेत माणूस स्वतःला बांधून घेतो.

४

आता प्रश्नावलीच्या शास्त्राकडे वळू. पहिल्या महायुद्धात तोफांच्या आवाजाने कोणाचे मन ढासळेल हे आधीच ओळखावे म्हणून अमेरिकन सैन्यासाठी रॉबर्ट वुडवर्थने होय-नाही उत्तरांच्या शंभराहून अधिक प्रश्नांची यादी तयार केली. ती वापरात येण्याआधीच युद्ध संपले, पण तिच्यापासून पुढच्या सर्व प्रश्नावल्यांचा वंश सुरू झाला. मराठी मुलखाजवळ हे शास्त्र प्रथम बुद्धिमापनाच्या रूपाने आले. व्ही. व्ही. कामत यांनी बिने या फ्रेंच शास्त्रज्ञाची चाचणी धारवाडच्या मुलांवर तपासून कानडी आणि मराठीत आणली. त्यांचे पुस्तक १९४० चे. बुद्धीच्या मागोमाग स्वभावाची आणि नीतीची मापे आली.

नीती मोजण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न झाला तो अमेरिकेत. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ शिकले, त्याच विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात पुढल्या दशकात ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी सुमारे अकरा हजार मुलांची परीक्षा घेतली. १९२८ ते १९३० या काळात त्यांचे तीन खंड निघाले. त्यांनी मुलांना नुसते विचारले नाही. कॉपी करता येईल, नाणे खिशात घालता येईल, खोटा निकाल सांगता येईल, असे प्रसंग उभे केले आणि कोण काय करते ते पाहिले. निष्कर्ष असा निघाला की वर्गात कॉपी करणारे मूल खेळातही फसवेल किंवा घरी चोरी करील असे सांगता येत नाही. एका प्रसंगावरून दुसऱ्या प्रसंगाचा अंदाज फारच दुबळा निघाला. बरे-वाईट काय ते तोंडाने नीट सांगणारे मूल तसे वागतेच असेही दिसले नाही. प्रामाणिकपणा ही माणसाच्या पोटात ठेवलेली एक अखंड वस्तू नसून प्रसंगाप्रसंगाने बनणारी वागणूक आहे, असे त्यांचे मत झाले. पुढे त्याच आकड्यांचा पुन्हा हिशेब करणाऱ्यांना एक बारीकसा समान धागा सापडला, आणि पुष्कळ प्रसंग एकत्र धरले तर तो धागा थोडा जाड होतो हेही खरे. पण एका गोष्टीवरून माणसाचे सगळे चारित्र्य काढता येत नाही, हे या शास्त्राने १९२८ सालीच सांगून ठेवले होते.

प्रश्नावलीची दुसरी अडचण शास्त्रज्ञांनी स्वतःच ओळखली. माणूस आपल्याविषयी चांगले तेच सांगतो. म्हणून मिनेसोटा विद्यापीठातून १९४३ च्या सुमारास आलेल्या प्रसिद्ध प्रश्नावलीत खोटे पकडण्याचे काही प्रश्न पेरलेले होते. मला कधीच राग येत नाही, मी कधीच खोटे बोललो नाही, अशा अर्थाच्या विधानांवर जो सतत होय म्हणेल तो स्वतःला सजवतो आहे असे धरायचे. १९६० मध्ये क्राऊन आणि मार्लो यांनी लोकांना बरे वाटेल असे उत्तर देण्याची ओढ मोजण्यासाठी तेहेतीस विधानांची एक वेगळी पट्टीच केली. म्हणजे उत्तर देणारा चांगले दिसण्यासाठी खोटे बोलतो हा संशय या शास्त्रात आधीपासूनच घरात बसलेला आहे. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याची गाठ पडणार आहे.

५

देसाईगंज. रेल्वेचे स्टेशन वडसा. आज हे गाव गडचिरोली जिल्ह्यात आहे; २६ ऑगस्ट १९८२ रोजी तो जिल्हा वेगळा झाला, त्यापूर्वी ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेथील पोलीस ठाण्यात एक आदिवासी मजूर मुलगी आणली गेली. आईबाप नव्हते, भावाजवळ राहत होती, लोकांच्या घरी कामाला जात होती. एका तरुणाशी तिचे लग्न करायचे ठरत होते आणि भावाने तक्रार दिली होती, म्हणून सगळ्यांना ठाण्यात बोलावले होते. जबाब झाले, बाकीच्यांना जायला सांगितले, तिला थांबवून ठेवले. बाहेर नातेवाईक उभे होते. आत जे घडले त्याबद्दल दोन पोलिसांवर खटला झाला. मुलीचे नाव पुस्तकांतून सर्वत्र छापले गेले आहे. मी ते येथे लिहीत नाही. या खटल्यामुळेच १९८३ साली अशी नावे छापण्यास कायद्याने मनाई झाली, आणि ती मनाई निदान आपण पाळावी.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला तपासले. अंगावर जखम नाही. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. मग दोन बोटांची ती परीक्षा आणि तिच्यावरून काढलेला निष्कर्ष. हे होते तिच्या चारित्र्याचे माप. १ जून १९७४ रोजी चंद्रपूरच्या सेशन्स कोर्टाने दोघांना सोडले. मुलगी अत्यंत खोटारडी आहे, संबंध झाला असला तरी तो तिच्या मर्जीने झाला, तिला अशा संबंधांची सवय होती, असे न्यायाधीशांनी ठरवले. आणि मग तिने बलात्कार झाला असे का सांगितले? बाहेर लोक होते, तिचा होणारा नवरा होता, त्यांच्यापुढे तिला सात्त्विक दिसायचे होते, असे त्याचे कारण दिले.

मघाचे वाक्य येथे आठवावे. उत्तर देणारा चांगले दिसण्यासाठी खोटे बोलतो! मानसशास्त्रज्ञाने जो संशय निदान तेहेतीस विधानांची पट्टी लावून, शेकडो माणसांवर पडताळून घेतला, तो येथे एका मजूर मुलीवर कोणतीही पट्टी न लावता ठेवला गेला. पोलिसांनाही चांगले दिसायचे असेल, नोकरी वाचवायची असेल, हा संशय मात्र तितक्या जोराने कोणाला आला नाही.

१२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला. एकाला पाच वर्षे आणि दुसऱ्याला एक वर्ष सक्तमजुरी दिली. या निकालात एक फार मोलाचा भेद सांगितला होता. भीतीपोटी निमूट राहणे वेगळे आणि संमती वेगळी. ठाण्यातल्या अनोळखी पोलिसांपुढे ती मुलगी कशाच्या बळावर नाही म्हणणार होती? पण १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांना पुन्हा निर्दोष ठरवले. जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, म्हणून संमती होती.

वर्षभराने, १६ सप्टेंबर १९७९ रोजी, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. भीतीने वाकणे म्हणजे संमती नव्हे, आणि लग्नाआधीच्या संबंधावरून त्या रात्रीची मर्जी काढता येत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. १९८० मध्ये मुंबईपासून दिल्लीपर्यंत बायका रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तिचे म्हणणे गृहीत धरावे, असे कलम ११४ अ आले. थोडक्यात, जिचे तिला विचारा आणि तिच्या शब्दापासून सुरुवात करा. चारित्र्यावर बोट ठेवणारे ते जुने पोटकलम निघायला मात्र २००२ ची दुरुस्ती यावी लागली. दोन बोटांच्या परीक्षेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट मत दिले आणि २०२२ मध्ये पुन्हा सांगितले की यापुढे ती करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. दोनदा सांगावे लागले, यावरून रोग किती मुरला होता हे कळते. आणि या सगळ्यातून देसाईगंजच्या त्या मुलीचा निकाल काही बदलला नाही.

हार्टशोर्न आणि मे यांचे निष्कर्ष येऊन तोवर पन्नास वर्षे झाली होती. एका प्रसंगावरून दुसऱ्या प्रसंगातली वागणूक काढता येत नाही, हे दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या कॉपीबद्दल शास्त्राने मान्य केले होते. देसाईगंजच्या मुलीबाबत मात्र एका तरुणावरच्या प्रेमावरून एका पोलिसाला दिलेली संमती काढली गेली.

६

कोणी म्हणेल, हे सगळे दुसऱ्यांनी केलेल्या मापाचे दोष झाले. प्रश्नावलीत तर माणूस स्वतः उत्तर देतो. ठीक आहे. समजा, धानोरा तालुक्यातल्या एखाद्या आश्रमशाळेत किंवा गावात ही प्रश्नावली नेली. पहिली अडचण भाषेची. गोंडी आणि माडिया या द्राविडी कुळातल्या बोली आहेत. मराठी त्यांना परकी, आणि प्रश्नावलीची मराठी तर मराठी माणसालाही परकी. पण भाषांतर करता येते. त्याहून खोल अडचण प्रश्नाच्या पोटात आहे.

प्रश्न असा : ‘आपल्या मालकीची नसलेली वस्तू तुम्ही कधी घेतली आहे काय?’ गावातला माणूस जंगलातून बांबू आणतो, सरपण आणतो. मोह वेचतो. १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या जंगल कायद्याने जंगल राखीव झाले. वनोपज कोणाचे असा वाद निघाला तर उलटे सिद्ध होईपर्यंत ते सरकारचेच मानायचे, असे १९२७ च्या कायद्यात लिहिलेले आहे. निस्तार म्हणून जे मिळे ते सवलतीने, अर्ज करून. इकडे बल्लारपूरला १९४५ साली स्थापन झालेल्या कागद कारखान्याला त्याच जंगलांतून बांबू जात राहिला. म्हणजे ट्रकभर बांबू नेणारा कंत्राटदार आणि कुडाला चार बांबू आणणारा गावकरी यांत कायद्याने चोर ठरला तो दुसरा. आता या प्रामाणिक माणसाने त्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? ‘होय’ म्हटले तर प्रामाणिकपणाचे गुण गेले. ‘नाही’ म्हटले तर खोटे पकडणाऱ्या प्रश्नांत सापडला. उत्तरतक्ता वन खात्याच्या कायद्यावरून बनवला असेल, तर त्याने काहीही उत्तर दिले तरी तो हरणार.

आणि तोच उत्तरतक्ता एका रात्रीत कसा बदलतो तेही याच तालुक्याने पाहिले. वनहक्क कायदा २००६ साली झाला. २००९ मध्ये मेंढा (लेखा) या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हाती आले. २००८ मध्ये ज्या हाताने बांबू तोडणे गुन्हा होता, २०११ मध्ये त्याच हाताने तोडणे हक्क झाला. माणूस तोच होता, कोयताही तोच होता, जंगलही तेच होते. त्याच्या चारित्र्यात तीन वर्षांत कोणती सुधारणा झाली? काहीच नाही. बदलली ती मालकीची व्याख्या. म्हणून ‘तू चोर आहेस काय’ असे विचारण्याआधी मालक कोणी ठरवला हे विचारले पाहिजे. प्रश्नावलीत हा प्रश्न कधी नसतो.

या वनहक्काच्या नियमांत एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. दावा करताना कागदी पुराव्यांबरोबर, दावेदारांखेरीज गावातल्या इतर जाणत्या म्हाताऱ्यांचे लिहून घेतलेले कथनही पुरावा म्हणून चालते. ज्या माणसांच्या तोंडच्या शब्दाला दप्तरात कवडीची किंमत नव्हती, त्यांचा शब्द पुन्हा शिवेचा साक्षीदार झाला. महाराच्या साक्षीवर पूर्वी बांध ठरत होते, त्याची ही आठवण होते. मात्र येथेही माप सारखे नाही. आदिवासी नसलेल्या वननिवासींना, आणि त्यांत दलित कुटुंबे पुष्कळ आहेत, १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्यांना पिढ्यान्पिढ्या सातबारा मिळू दिला नाही, त्यांच्याकडेच ७५ वर्षांचा कागद मागायचा! म्हाताऱ्याचा शब्द येथे पूर्ण विश्वासाने घेतला जातो की नुसता फाइलीला जोडला जातो, यावर त्या कुटुंबांचे घर आणि वावर अवलंबून आहे.

७

तर प्रश्नावली टाकून द्यावी काय? मला तसे म्हणायचे नाही. विचारणे हे न विचारण्यापेक्षा केव्हाही चांगले. पण नागपूर खंडपीठाने १९७६ साली जो भेद सांगितला तो प्रत्येक प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर लागू करावा. भीतीपोटी केलेली खूण म्हणजे उत्तर नव्हे. समोर मास्तर, साहेब किंवा नोकरी देणारा उभा असताना ‘होय’वर केलेली खूण ही ठाण्यातल्या निमूटपणाची धाकटी बहीण आहे. उत्तराला उत्तर म्हणण्याआधी उत्तर देणारा ‘नाही’ म्हणायला मोकळा होता काय, हे पाहिले पाहिजे.

हे अशक्य आहे असेही नाही. १९६५ साली स्टॅन्ली वॉर्नर या संख्याशास्त्रज्ञाने एक युक्ती काढली. उत्तर देणाऱ्याने विचारणाऱ्याच्या नजरेआड एक चकती फिरवायची आणि चकती सांगेल त्या विधानाला होय किंवा नाही म्हणायचे. विधान कोणते होते हे विचारणाऱ्याला कळत नाही, म्हणून त्या एका माणसाच्या उत्तराचा अर्थ त्याला लावता येत नाही. पण हजार उत्तरांवरून किती जणांनी खरोखर ते कृत्य केले याचा अंदाज बांधता येतो. येथे प्रथमच माणसावर पाळत न ठेवता त्याला कवच दिले. शास्त्राला सत्य हवे असेल तर ते सांगणाऱ्याला अभय द्यावे लागते, ही गोष्ट आपल्या बायांना आणि म्हाताऱ्यांना कोणत्याही विद्यापीठात न जाता ठाऊक होती. अभय नव्हते म्हणून त्या गप्प राहिल्या, आणि गप्प राहिल्या म्हणून त्यांच्या नावावर संमती लिहिली गेली.

म्हणून आपल्या मुलांपुढे असा कागद आला तर शिकलेल्यांनी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. हा प्रश्न कोणाच्या कायद्याने लिहिला? खरे उत्तर दिले तर पोराचे काय होईल? आणि हाच कागद विचारणाराही भरणार आहे काय? सेशन्स कोर्टात, वनखात्यात, शाळेच्या कचेरीत आजवर आपले चारित्र्य पुष्कळांनी मोजले. मोजणाऱ्यांचा ‘वर्तणूक’चा रकाना अजून कोरा आहे. तो भरण्याचे काम आता आपल्या लेखकांचे, वकिलांचे आणि ग्रामसभांचे आहे.